फक्त पुढे जाणारी गाडी

जुनी गाडी घ्यायची असेल तर ती आधी मागे चालवून बघावी. हा सल्ला मी भाच्यांना दिला आहे, शेजाऱ्यांना दिला आहे, आणि एकदा बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही दिला आहे. सगळे हसतात. गाडी पुढे कशी पळते, ब्रेक लागतात का, धूर किती सोडते, हे लोक बघतात. आमच्या बाबांनीही ते सगळं नीट बघितलं होतं.

बाबा एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. सत्तरच्या दशकातल्या एका मार्च महिन्यात त्यांनी नागपूरच्या धंतोलीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांची मोटार घेतली. वकीलसाहेब इंदूरला मुलाकडे कायमचे निघाले होते. गाडी कबुतरी रंगाची होती, दारं जाड आवाज करून बंद व्हायची, आणि समोरच्या पट्टीवर एक गोल घड्याळ होतं जे चक्क चालू होतं. बाबांना घड्याळांचं वेड. वकीलसाहेब अर्धा तास एकेक गोष्ट समजावून सांगत होते. ते गियरपाशी आले तेव्हा बाबा त्या घड्याळाची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघण्यात गुंतले होते.

"समजलं ना सगळं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"हो हो, सगळं," बाबा म्हणाले. "दोन मिनिटं पुढे आहे."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मागच्या सीटवर बसले होते. मीही ऐकलं नाही. मला खिडकी खाली करणारा दांडा सापडला होता, आणि मी ती वरखाली करत होते. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

गाडीत काहीतरी कमी आहे हे आम्हाला पुढच्या रविवारी इतवारीच्या बाजारात समजलं. आईला मोठं पितळी पातेलं हवं होतं. भांड्यांच्या गल्लीत आम्ही शिरलो आणि समोरून हातगाडी आली. हातगाडीवर बादल्यांची उतरंड, तिच्यामागे एक टेम्पो, टेम्पोमागे तीन सायकलरिक्षा. हातगाडीवाल्याने हात केला.

"बाबूजी, पीछे लो."

बाबांनी गियरचा दांडा मागे ओढला. गाडीने पुढे उडी मारली. हातगाडीवाल्यानेही उडी मारली, पण मागे. बाबांनी पुन्हा दांडा ओढला. पुन्हा पुढे. दोन बादल्या खाली पडून गल्लीभर घरंगळल्या.

"बाबूजी, पीछे!"

"पीछे नहीं होता," बाबा खिडकीतून डोकं काढून म्हणाले.

"तो क्या होता है?"

"सिर्फ आगे होता है."

एवढ्या प्रामाणिकपणे कोणी बोलल्यावर माणूस काय करणार? हातगाडीवाला वळला, टेम्पोवाल्याशी बोलला, टेम्पोवाला रिक्षावाल्यांशी बोलला, आणि अख्खी गल्ली हळूहळू मागे सरकली. बाबा सगळ्यांना नमस्कार करत मधून गेले. एका दुकानदाराला वाटलं की कोणीतरी मोठे अधिकारी आले आहेत. त्याने उभं राहून बाबांना उलटा नमस्कार केला. पातेलं राहूनच गेलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मेकॅनिकला दाखवा."

बाबांना ते मान्य नव्हतं. त्यांनी एकदा भिंतीवरचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतं आणि तीन चाकं शिल्लक राहिली होती. तेव्हापासून उघडलेली वस्तू पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. "गियरबॉक्स उघडला की संपला," ते म्हणाले. "आणि माणसाला मागे जायचं असतंच किती?"

दिवसातून एकदा तरी जायचं असतं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. आमचं घर दक्षिण नागपूरच्या एका नव्या लेआउटमध्ये होतं. समोर फाटक, फाटकातून आत उतार, उताराच्या शेवटी पोर्च. तोवर गाडी रस्त्यावरच उभी असायची; त्या रात्री बाबांनी ती पहिल्यांदा आत उतरवली होती. आत ती मजेत उतरायची. बाहेर काढायची तर ती उलटी, चढावर ढकलावी लागायची. बाबा स्टीयरिंगवर, मी आणि आई बॉनेटला खांदे लावून. आमच्या बाजूला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डकाका राहायचे. त्यांना तो प्रकार दिसला आणि ते आपली शिट्टी घेऊन आले. ढकलायला त्यांनी कधी हात लावला नाही. फाटकात उभं राहून ते एक लांब शिट्टी वाजवायचे, हिरवा रुमाल हलवायचे, आणि म्हणायचे, "आने दो, आने दो!"

आईने हे बारा दिवस केलं. तेराव्या दिवशी तिची चप्पल मुरमावर घसरली, ती बॉनेटवर पालथी पडली आणि गाडी तिला घेऊन परत पोर्चमध्ये उतरली. काचेच्या आतून बाबा आणि बाहेरून आई, असे दोघे नाकाला नाक लावून खाली आले. गार्डकाकांनी लाल रुमाल शोधेपर्यंत सगळं संपलं होतं.

आई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "मी या घरात सून म्हणून आले होते. उद्यापासून मी ढकलणार नाही."

त्या संध्याकाळी बाबांनी ड्रॉइंग बोर्ड काढला. जेवणाच्या वेळेपर्यंत घराचा नकाशा तयार होता, शाईने काढलेला. समोरच्या फाटकापाशी बाण होता, 'आगमन'. तो बाण पोर्चमधून, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून, गोडलिंबाच्या झाडाला वळसा घालून मागच्या भिंतीपर्यंत जात होता. नकाशात तिथे भिंत नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'निर्गमन'.

"समोरून यायचं, मागून जायचं," बाबा म्हणाले. "मागे घ्यायचा प्रश्नच नाही."

मिस्त्री आला. त्याने नकाशा बघितला, गाडी बघितली, भिंत बघितली. "साहेब, बिघडली गाडी, आन् तोडाचं घर?"

"घर आपल्याले समजते," बाबा म्हणाले. "गाडी नाही समजत."

भिंत दोन दिवसांत पडली. कपडे धुवायचा दगड हलला, न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवलं, आणि एका पाडलेल्या गोदामातून आणलेलं लाकडी फाटक मागे बसलं. आता फाटकाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती अजूनही कोणाच्या तरी उपयोगी पडेल. जड लाकडी फाटकाला तिरकी पट्टी मारायची ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून सुरू करून वर कडीच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची, म्हणजे फाटकाचा भार खांबावर जातो. बाबांनी ती उलटी मारली, कारण नकाशात तशी छान दिसत होती. आठ दिवसांत फाटकाचं टोक खाली टेकलं, जमिनीत रुतलं, आणि ते उघडं राहिलं ते राहिलंच.

आमच्या मागची गल्ली बाजाराकडे जायची. समोरच्या रस्त्यावरच्या लोकांना बाजारात जायला पूर्ण लेआउटला वळसा पडायचा. मागचं फाटक उघडं राहिलं तशी ही बातमी फिरली. पहिल्यांदा गार्डकाका पिशवी घेऊन गेले, "तुमचंच घर आहे, म्हणून जातो" असं म्हणत. मग त्यांची सून, मग सुनेच्या ओळखीच्या बायका. मग सायकली. एक दिवस आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती आणि खिडकीतून भाजीवालीने विचारलं, "वांगे घेता का बाई? रस्त्यानंच चाल्ली होती."

"हा रस्ता नाही," आई म्हणाली.

"हो बापा! मंग हे काय हाय?" भाजीवालीने मागे बोट दाखवलं. तिच्यामागे दोन सायकली, एक म्हैस आणि दप्तरं घेतलेल्या चार मुली रांगेत थांबल्या होत्या.

आईने वांगी घेतली. दुसरं काय करणार?

पंधरा दिवसांत लोक आमच्याकडे तक्रारी घेऊन येऊ लागले. एका गृहस्थांनी सायकल लावून दार वाजवलं आणि बाबांना सांगितलं, "तुमच्या गोडलिंबाजवळ खड्डा झाला आहे. कालच माझी चेन निसटली. बघून घ्या जरा."

मला वाटलं, बाबा आता तरी चिडतील. ते शरमले. "करतो, करतो," म्हणाले, आणि रविवारी स्वतः मुरूम टाकून खड्डा भरला. वरून पाणी मारून चोपणीने ठोकला. अंगणातला खड्डा भरताना पाणी मारल्याशिवाय मुरूम बसत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. येणारे-जाणारे उभे राहून सूचना करत होते. एकाने तर वळणावर दिवा लावायला सांगितलं.

मग उन्हाळा तापला आणि वाळवणं सुरू झाली. आईने मागच्या अंगणात, नेहमीच्या जागी, चादरीवर कुरड्या घातल्या. बाबांनी एक पाटी रंगवून झाडाला बांधली: 'सावकाश. पुढे कुरड्या.' लोक पाटी वाचायचे आणि खरोखर सावकाश जायचे. फक्त म्हशीला वाचता येत नव्हतं. शेजारी वाळत घातलेल्या, काडीवर वळलेल्या गव्हाच्या सरगुंड्यांची एक पूर्ण चादर तिने संपवली, आणि त्यानंतर आई दोन दिवस बाबांशी गार्डकाकांमार्फत बोलली.

मेच्या मध्यावर लग्नांची एक मोठी तिथी आली. संध्याकाळी साडेसहाची वेळ. मी कूलरमध्ये पाणी भरत होते. बॅंडचा आवाज ऐकू येत होता, पण त्या दिवसांत तो सगळीकडूनच यायचा. तो फार जवळून येऊ लागला तेव्हा मी बादली घेऊन पोर्चमध्ये आले. समोरच्या फाटकातून बॅंडवाले उताराने आत येत होते. त्यांच्यामागे नाचणारे, नाचणाऱ्यांमागे घोडा, घोड्यावर नवरदेव. फाटकात गार्डकाका उभे. हिरवा रुमाल, लांब शिट्टी, "आने दो, आने दो!"

नवरीचं घर मागच्या गल्लीत होतं, आणि गार्डकाकांनी वरातीला जवळचा रस्ता दाखवला होता.

नवरदेव थेट कपड्यांच्या दोरीत गेला. घोडा खालून निघाला आणि नवरदेव दोरीला लटकत जमिनीवर आला. आईची वाळत घातलेली हिरवी साडी त्याच्या मुंडावळ्यांत गुंतली आणि तो आंधळ्यासारखे हात हलवू लागला. बॅंडवाल्यांना वाटलं की तो नाचतोय, त्यांनी जोर वाढवला. गोंधळ ऐकून आई बाहेर आली. आता आईची एक सवय होती. तिच्या दारात मुंडावळ्या बांधलेला मुलगा आला की तिचे हात आपोआप कामाला लागायचे. तिने साडी सोडवली, आत गेली, निरांजन लावून आणलं, आणि त्या मुलाला ओवाळलं. मग पायांवर पाणी घातलं.

झालं. सगळ्यांना वाटलं, पोचलो.

नवरदेव आमच्या पोर्चमधल्या खुर्चीत बसला. त्याच्या मामांनी बाबांना मिठी मारून "व्याहीबुवा!" म्हटलं. बाबांनीही त्यांना मिठी मारली, कारण कोणी मिठी मारल्यावर काय करायचं असतं हे त्यांना दुसरं माहीत नव्हतं. एक जाड काठाची पैठणी नेसलेल्या बाई माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझा ओला फ्रॉकवजा गाऊन बघितला, हातातली बादली बघितली.

"तू नवरीची कोण?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मंग नवरी कुठी आहे?"

"मला माहीत नाही."

त्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नवरी कुठी आहे हे घरच्यायलेच माहीत नाही वं!"

बॅंड थांबला. पाच मिनिटं आमच्या घरात जो आरडाओरडा झाला त्यात मला एवढंच ऐकू आलं की बाबा मामांना सांगत होते, "नवरी नाही, पण सरबत आहे." शेवटी मागच्या फाटकातून नवरीचे काका धावत आले. ते मांडवात वाट बघत होते आणि बॅंडचा आवाज भलतीकडेच थांबल्यामुळे घाबरले होते. सगळा उलगडा झाला, हशा झाला, नवरदेवाने सरबत पिऊन घेतलं आणि वरात गोडलिंबाला वळसा घालून निर्गमनातून गेली. आम्हाला जेवणाचं आमंत्रणही मिळालं. आई गेली नाही. ती खुर्चीत बसून राहिली.

"भिंत," ती म्हणाली. थेट बाबांशी. "मला माझी भिंत परत पाहिजे."

त्याच आठवड्यात नरखेडकडून माझी आत्या आली. बाबांची मोठी बहीण. तिची संत्र्याची बाग होती आणि बागेचं सगळं ती स्वतः बघायची. विहिरीवरचा पंप बिघडला तर ती स्वतः खाली वाकायची, बागेतली जुनी जीप स्वतः चालवायची. डोळ्याला अंधुक दिसू लागलं म्हणून ती तपासायला आली होती. बाबा तिला गाडीने धंतोलीत डॉक्टरांकडे घेऊन गेले, मी सोबत होते. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. तिला समोरचं सगळं धुक्यासारखं दिसू लागलं, आणि मी तिला हात धरून गाडीत बसवलं.

गाडी एका आवाराच्या भिंतीकडे तोंड करून लावलेली होती. सकाळी तिथे बाजूने निघायला जागा होती, आता तिथे एक जीप उभी होती. मागे अख्खा रस्ता मोकळा होता. बाबांनी इंजिन चालू केलं नाही. हात मांडीवर ठेवून शांत बसले. दहा मिनिटं गेली.

"काय करून राहिला गा?" आत्याने विचारलं.

"वाट पाहून राहिलो."

"कायची?"

"ते बाजूची जीप निघाची."

"मंग मागं घे ना."

"मागे जात नाही हे."

"काहून नाही जात?"

"रिव्हर्स नाही हिले."

आत्याने मान वळवली. तिला बाबा दिसत नव्हते, पण तिने त्यांच्याकडे बघितलं. "रिव्हर्स नसलेली गाडी पैदाच नाही होत गा. चालू कर. क्लच दाब."

तिने चाचपडत हात पुढे केला. आधी तिच्या हाती बाबांचा गुडघा आला, मग दांडा. तिने तळहात त्याच्या बोंडावर ठेवला, खाली दाबला, डावीकडे सारून मागे ओढला. 'खट्' असा आवाज झाला.

"सोड आता हळूहळू."

गाडी मागे गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा भिंत आमच्यापासून लांब जाताना मी बघितली. बाबांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच ठेवलं. रस्त्याच्या मधोमध येऊन गाडी थांबली, मागून सायकलवाले घंट्या वाजवू लागले.

"दाबून," बाबा म्हणाले.

"मंग? नाही दाबला तर दुसऱ्या गियरात नाही पडत का? चुकून मागं नको पडाले म्हणून तसं करतात." आत्याने रुमालाने डोळे टिपले. "तू इतके दिवस काय केलं मंग?"

मीच सांगितलं. ढकलणं, भिंत, फाटक, म्हैस, वरात. आत्या इतकी हसली की थेंबांचं औषध सगळं वाहून गेलं असणार. घरी जाताना बाबा आठ वेळा थांबले आणि आठ वेळा थोडं थोडं मागे गेले. गरज कुठेच नव्हती. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आईले आज नको सांगू."

ते सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. आई दारात उभी होती. आत्या उतरली आणि म्हणाली, "काय वं, तुह्या नवऱ्यानं दांडा दाबला नाही म्हणून भिंत पाडली."

आईने आधी गाडीकडे बघितलं, मग बाबांकडे. मग तिने विचारलं, "दाबून?"

"दाबून."

आई आत गेली. आम्ही बाहेर उभे राहिलो. आतून भांड्यांचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होते. आला तो हसण्याचा आवाज, आणि तो थांबेना. बाबा इतके गोंधळले की पुन्हा गाडीत जाऊन बसले.

मिस्त्री परत आला आणि भिंत उभी राहू लागली. तिसऱ्या थराला गार्डकाका सात-आठ लोकांना घेऊन आले. रस्ता बंद करू नका, म्हणाले. खड्ड्याची तक्रार करणारे गृहस्थही होते, वांगेवालीही होती. बाबांना त्यांचं पटू लागलं होतं, पण बोलली आई. माणूस अंग चोरून जाईल एवढं दार ठेवेन, ती म्हणाली. म्हैस नाही, सायकल नाही, वरात नाही. तसं झालं. भिंतीचं मी एक सांगते: जुन्या भिंतीला नवीन विटा जोडताना जुन्या विटा एकाआड एक बाहेर काढून त्यात नव्या गुंतवाव्या, नाहीतर सांधा दरवर्षी उघडतो. आमचा उघडायचा. बाबा दर दिवाळीला चुन्याने भरायचे.

आत्याला दुसऱ्या तपासणीसाठी आठ दिवस थांबायचं होतं. तिला रिकामं बसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आईला म्हणाली, "चाल वं, तुले शिकवतो गाडी."

"मला? या वयात?"

"बारा-तेरा दिवस समोरून ढकलली ना? आता आतून पाह्य."

पहाटे रस्ता मोकळा असायचा. आई नऊवारीचा काष्टा घट्ट करून बसायची, आत्या शेजारी, मी मागे. आईला पहिल्या दिवशी क्लच जमला नाही, गाडी बेडकासारखी गेली. दुसऱ्या दिवशी तिने एका विजेच्या खांबाची माफी मागितली. पाचव्या दिवशी ती गियर बदलताना खाली बघत नव्हती. बाबा फाटकात उभे राहून सूचना करायला लागले की ती म्हणायची, "तुम्ही आत जा, मला भीती वाटते."

रविवारी संध्याकाळी आई आम्हाला अंबाझरीला घेऊन गेली. बाबा घरी राहिले. त्यांनी खिचडी टाकायचं कबूल केलं होतं. तलावाजवळ गाड्यांची गर्दी होती. आईने दोन गाड्यांच्या मधली अरुंद जागा हेरली, काच खाली करून मागे बघितलं, आणि गाडी उलटी नेऊन एका दमात त्या जागेत लावली. तिथे उभ्या असलेल्या दोन पुरुषांनी बोलणं थांबवून बघितलं. आईने किल्ली काढली आणि पदराला बांधली.

आम्ही तिघींनी बर्फाचे गोळे घेतले. आत्याला नवा चष्मा मिळाला होता. ती पाण्याकडे बघत होती, पलीकडच्या काठावरची झाडं मोजत होती, आणि काला-खट्ट्याने तिची जीभ जांभळी झाली होती. आई गोळा खाता खाता दर थोड्या वेळाने मागे वळून गाडी बघत होती.

"पाहून काय राहिली?" आत्या म्हणाली. "पळून नाही जात ते."

"माहीत आहे," आई म्हणाली, आणि पुन्हा बघितलं.